थापेवर रोझमेरीचे दोन थेंब

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. बसलाच तर मला वाईट वाटेल, कारण आयुष्यभर घाम गाळून मी जी कीर्ती कमावली ती एका दुपारीत मातीत जायची. नोकरीत, सासुरवाडीत, आधीच्या इमारतीत आणि आताच्या, सगळीकडे मला एकच किताब होता: थापाड्या. लोक तो तोंडावर द्यायचे आणि वर खुर्ची पुढे ओढून म्हणायचे, बसा, परवाची ती अर्धवट राहिलेली पुरी करा. खरं बोलणाऱ्या माणसाला असं खुर्ची ओढून बसवलेलं मी तरी पाहिलं नाही. तेव्हा ऐका, पण विश्वास ठेवायच्या भानगडीत पडू नका. एवढी एकच गोष्ट खरी धरा, कारण तिच्यावाचून पुढचं काहीच कळणार नाही: संसाराची इतकी वर्षं उलटल्यावर एका साध्या सकाळी माझ्या बायकोने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

लिफ्टमध्ये होतो आम्ही. भाजी घेऊन वर चाललो होतो, पिशवी माझ्या एका हातात, दुसरा हात तिच्या कोपराखाली. बरोबर तिसऱ्या मजल्यावरचे कुत्रेवाले होते आणि त्यांचा तो सदा जांभया देणारा कुत्रा. मी उमेदीची सगळी वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली, त्यामुळे लिफ्टचं दार बंद झालं की माझं तोंड आपोआप उघडतं. कुत्र्याकडे बघून मी म्हटलं, "याचं काय घेऊन बसलात? मी एका हॉटेलच्या लिफ्टमधून घोडा सोडवलाय. शूटिंगसाठी आणलेला. टपावरच्या झडपेतून गाजरं टाकत होतो त्याला. शेवटच्या गाजराला तो एवढा खूश झाला, की त्यानेच नाकाने बटण दाबलं आणि आम्ही दोघं तळमजल्यावर उतरलो." कुत्रेवाले हसले आणि सवयीने त्यांनी तिच्याकडे पाहिलं. सगळेच पाहायचे. मी चेंडू वर उडवायचा आणि तिने तो सीमेपार टोलवायचा, हा आमच्या घरचा खेळ सगळ्यांना ठाऊक होता. खरं म्हणजे लोक माझ्या थापेपेक्षा तिच्या टोल्यालाच जास्त हसायचे. ती म्हणायची, घोडा नव्हता हो, घोड्याचा मुखवटा होता, आणि तो काढला यांच्या हाताखालच्या माणसाने, हे खाली उभे राहून गाजर खात होते. असं काहीतरी. त्या सकाळी तिने मान वर केली, माझ्याकडे अगदी सरळ, स्वच्छ डोळ्यांनी बघितलं आणि विचारलं, "घाबरला नाही ना हो तो फार?"

तिसरा मजला आला. कुत्रेवाले उतरले, उतरताना हसू तोंडावर तसंच राहिलेलं, म्हणजे कोट घालून झाल्यावर खुंटीला हँगर हलत राहतो तसं. दार मिटलं. मी म्हटलं, "नाही गं, शहाणा होता घोडा." ती म्हणाली, "मग बरं." आणि वर जाईपर्यंत त्या घोड्याची काळजी मिटल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं. लिफ्टच्या दोराला भार पेलवेनासा झाला की त्याचा आवाज येत नाही, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो. आवाज करतात त्या कप्प्या, जाळ्या, दारं. दोर गुपचूप झिजतो. एक एक बारीक तार आतल्या आत तुटते आणि वरून तो तेवढाच जाड दिसतो. पिशवी ओट्यावर ठेवून मी भाजी निवडायला बसलो, आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, की गेले कित्येक दिवस मी बोलतो आहे आणि माझं बोलणं कुठेच आपटत नाहीये.

थाप आणि खोटं यांत फरक असतो. तो लोकांना कळत नाही, तिला पहिल्या दिवसापासून कळत होता. थाप पकडली जाण्यासाठीच मारायची असते. जी पकडली जात नाही ती खोटं होऊन बसते. आमची गाठ पडली ती साबणाच्या कारखान्यात. मालाची लिफ्ट अडली म्हणून मला बोलावलं होतं. ती तिथे वास तपासायच्या खोलीत होती. एका लांब टेबलापाशी पाच-सहाजणी पांढरे कोट घालून बसायच्या, समोर साबणाच्या ताज्या वड्या आणि कागदाच्या पट्ट्या. पट्टी बुडवायची, हलवायची, नाकाखालून न्यायची, आणि हा घाण मंजूर, हा नामंजूर असं सांगायचं. घाण म्हणजे एका वेळी कढईत शिजलेला सगळा माल. वासाच्या खोलीत त्याला घाणच म्हणायचे आणि कुणाला त्याचं हसू येत नसे. दोन वासांच्या मध्ये ती स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावायची. मी विचारलं, हे काय? म्हणाली, नाक पुसून घेते, आपल्या कातडीचा वास आपल्याला येत नाही ना, पाटी कोरी होते. मी छाती काढून सांगितलं, की मी परदेशातून खास या लिफ्टसाठी आलेला इंजिनिअर आहे, विमानतळावरून सरळ इकडेच. तिने नाक माझ्या दिशेने थोडंसं, अगदी थोडंसं वळवलं. म्हणाली, "ग्रीस. सायकलच्या चेनचं तेल. आणि वाटेत कुठंतरी पावसात भिजून अंगावर वाळलेला शर्ट. विमान उघडं होतं का?" बाकीच्या चौघी पट्ट्या टाकून हसल्या. मी त्याच क्षणी ठरवलं, की उरलेल्या सगळ्या थापा या बाईलाच मारायच्या.

आणि मारल्या. मुलगी झाली तेव्हा, घर बदललं तेव्हा, माझी नोकरी सुटली आणि दुसरी लागली तेव्हा, सासरे आजारी पडले तेव्हा, सगळ्या वेळा मी थापा मारल्या आणि तिने त्या जागच्या जागी पकडल्या. एखाद्या माणसाला भिंतीवर चेंडू मारत राहायची सवय असते, तो थकत नाही, कारण भिंत असते. माझी भिंत पांढरा कोट घालून कामाला जायची, कांदा खायची नाही, पावडर लावायची नाही, आणि संध्याकाळी दारातच सांगायची, "आज दुपारी झोपलात, उशीला तोंडाचा वास आहे." मी रंगेहाथ पकडला गेलो नाही असा एक दिवस गेला असेल तर तो ती माहेरी असतानाचा.

तिला दाखवलं तो डॉक्टर तरुण होता. चांगला होता, उगाच त्याला नावं ठेवत नाही. त्याने हळू आवाजात सांगितलं, की या विसरण्याच्या दुखण्यात पुष्कळदा नाक आधी जातं, मग बाकीचं. घरी येताना बसमध्ये मी त्याच एका वाक्याशी भांडत होतो. दूध करपून घरभर धूर झाला तेव्हा ती त्याच धुरात शांतपणे वर्तमानपत्र उलटं धरून बसलेली मला आठवली. मी म्हटलं होतं, लक्ष कुठंय? लक्ष तिथेच होतं, नाक नव्हतं. जिच्या नाकावर एका कारखान्याचा माल अडायचा तिचं नाकच आधी घ्यायचं, हा कुठला न्याय? बसमध्ये शेजारच्या माणसाने मला विचारलं, काही म्हणालात का? मी म्हटलं, हो, पण तुम्हाला नाही. कुणाला म्हणत होतो कुणास ठाऊक. ज्याला म्हणत होतो त्याने खाली उतरून यावं, माझी तयारी होती.

मग मुलगी आली. ती हल्ली दोन पिशव्या घेऊन येते, एकीत आमच्यासाठी काहीतरी आणि दुसरीत आमच्याविषयी काहीतरी. पहिल्या पिशवीतून एक लाकडी खोका निघाला, त्यात बोटाएवढ्या गडद काचेच्या बाटल्या: रोझमेरी, पेपरमिंट, लिंबू, लॅव्हेंडर. बरोबर एक वाफ सोडणारं यंत्र, आणि चिठोरं: रोझमेरी स्मरणासाठी, पेपरमिंट एकाग्रतेसाठी, लिंबू तरतरीसाठी, लॅव्हेंडर झोपेसाठी, रुमालावर दोन थेंब, कातडीवर नुसतं लावू नये, पोटात घेऊ नये. दुसऱ्या पिशवीतून एका निवासाचं चकचकीत पुस्तक निघालं. हिरवळ, कठडे, हसरे म्हातारे.

"तेलाने आठवण येणार असेल तर हे निवास कशाला?" मी विचारलं. "आणि निवासातच न्यायची असेल तर तेल कशाला?"

"बाबा, प्लीज. तेलाने कुणी बरं होत नाही, मलाही कळतं. कुणाला थोडं प्रसन्न वाटतं म्हणे. वाटू दे की."

"आणि तिथे मी?"

"तुम्ही भेटायला जाल ना. भेटीच्या वेळा आहेत."

"मी माझ्या बायकोला वेळ घेऊन भेटू?"

"तुम्ही आंघोळीला गेलात आणि आई जिना उतरून गेली तर? गॅस? बाबा, मी ऑफिसात बसून दर तासाला फोन हातात घेते आणि परत ठेवते, तुम्हाला नाही कळणार ते." तिचा आवाज चिरकला, आणि तेवढ्यात तिने तो सावरला, आईसारखाच. "तिथल्या एक बाई येऊन आईला बघणार आहेत. आईला भोवतालचं थोडं भान आहे, ती घरी राहू शकते, असं त्या म्हणाल्या तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. शब्द देते. पण त्या नाही म्हणाल्या, तर मग तुम्ही अडवायचं नाही."

तिची आई समोरच बसली होती. तिने पुस्तकातली हिरवळ बोटाने गोंजारली आणि म्हणाली, "छान आहे. कोण चाललंय?"

मी शब्द दिला. मनात मात्र वेगळंच ठरवलं. नाक घेतलंत ना? ठीक आहे. कान आहेत अजून. ज्या बाईची सगळी अक्कल पकडण्यात होती तिला पकडायला काहीतरी द्यायला हवं, आणि त्या कामात मला या शहरात तोड नाही. तेलं मी टाकली नाहीत. उलट थापेला तेलाची जोड दिली. चिठोऱ्यात लिहिलं होतं, रोज त्याच वेळी, शांत मनाने, दीर्घ श्वास. त्यात एवढंच लिहायचं राहिलं होतं, की दीर्घ श्वासाबरोबर कानात काय घालायचं. सकाळी रुमालावर रोझमेरीचे दोन थेंब आणि एक छोटी थाप. दुपारी पेपरमिंट आणि मध्यम. संध्याकाळी लिंबू आणि अशी थाप, की बहिरी भिंतसुद्धा म्हणेल, पुरे. तो वास मी स्वतः पहिल्यांदा घेतला तेव्हा चमकलो. रोझमेरीला एक कडक, वाळक्या पाल्याचा, औषधाच्या कपाटाचा वास आहे, आणि त्या वासामागे सरळ कारखान्याचा जिना उघडला. ओल्या फरशीवर साबणाचा निसरडा थर, कढयांची वाफ, वरून माझ्या हातातला पाना सुटून खाली घणघणत गेलेला, आणि तिचा हसण्याचा आवाज लिफ्टच्या विहिरीतून वर वर येणारा. मी डोळे उघडले तर ती रुमाल हातात धरून त्याच्या घड्या घालत होती. तिच्यासाठी आणलेलं तेल माझंच सगळं आठवून देत होतं. मला राग आला. मी तरीही म्हटलं, "आज सकाळी आपल्या नळाला सोडा आला." ती म्हणाली, "बाटलीत भरून ठेवायचा."

आता हे उत्तर कसलं? विसरलेल्या माणसाचं, की नेहमीच्या माझ्या बायकोचं? इथेच माझी झोप उडायची. ती पूर्वीही अशाच कोरड्या चेहऱ्याने बोलायची. एका दुपारी पेपरमिंटचे थेंब जास्त पडले, दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, शेजारीण दारावर थाप मारून विचारून गेली की काही फुटलं का. तशात मी सर्वांत मोठी सोडली. म्हटलं, "तुला कधी सांगितलं नाही, तुझ्याआधी माझं एक लग्न झालं होतं." ती डोळे पुसत म्हणाली, "तरीच. सवय दिसली." मी इतका हसलो की मला ठसका लागला. आणि हसता हसता तिच्याकडे पाहिलं तर तिच्या डोळ्यांत गंमत शोधूनही सापडेना. ते पाणी पेपरमिंटचं होतं, चेहरा पावसानंतरच्या रस्त्यासारखा, सगळं धुतलेलं आणि कुणीच नाही. मी तिथेच ठरवून टाकलं, की विनोद होता. माझा हक्क आहे. डॉक्टरने त्याच्या बाजूने ठरवावं, मी माझ्या बाजूने ठरवीन.

मधल्या काळात मी एक मूर्खपणा करून बघितला. तिला उत्तरं पाठ करायला लावली. आज वार कुठला, महिना कुठला, आपण कितव्या मजल्यावर राहतो. ती शाळेतल्यासारखी हात मांडीवर ठेवून बसायची आणि माझ्यामागून म्हणायची, स्पष्ट, न चुकता, आणि मी पाणी प्यायला उठून परत आलो की हात तसेच मांडीवर, आणि मान वर करून विचारायची, "चुकलं का माझं?" हे मला सोसलं नाही. जी आयुष्यभर लोकांचे घाणच्या घाण नामंजूर करत आली तिने मला मंजुरी मागावी? पाठांतर त्या दिवसापासून बंद. तिला परीक्षा द्यायची असेल तर ती परीक्षकाच्या खुर्चीत बसून देईल, नाहीतर देणार नाही.

पण खरं सांगू नये असं ठरवूनही एक खरं सांगतो. एका संध्याकाळी लिंबाचा वास घरभर होता, काचेतून उतरतं ऊन तिच्या गुडघ्यांवर पडलं होतं, आणि ती भिंतीकडे, पडद्याकडे, कपाटाकडे बघत माझ्या कानाशी झुकून म्हणाली, "आपण इथं पाहुणे आहोत ना?" मला वाटलं होतं, अशा वेळी माणूस रडतो. मला थाप सुचली. म्हटलं, "हो. घरमालक फार चांगला आहे, म्हणालाय हवं तितकं राहा." ती म्हणाली, "भेटवा ना एकदा. आभार मानायला हवेत." मी म्हटलं, "बाहेर गेलाय, येईल." मग आम्ही दोघं जण त्या घरमालकाची वाट बघत बसलो, ती खरी आणि मी खोटी, पण थोड्या वेळाने मला कळेना की कोण कुठली बघतंय. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. तो आवाज मला माझ्या फासळ्यांतून गेल्यासारखा वाटला. ती थाप मी मारली आणि ती खोटं झाली, कारण कुणी पकडली नाही. पकडणारं कुणी नसेल तर मी उरतो कोण? एकटाच बडबडणारा एक म्हातारा, जो ज्याला त्याला घोड्याची गोष्ट सांगतो आणि लोक मान डोलावतात. मला मान डोलावणारी माणसं नकोत. मला ती हवी होती, नाक वळवून उभी असलेली. निवासाला ते मी कसं समजावून सांगणार? की तिला ठेवून घेताना तुम्ही माझा अर्धा आवाज ठेवून घेताय?

त्या बाई आल्या त्या दुपारी मी रोझमेरीचे दोन नाही, चार थेंब घातले. बाईंचे बूट मऊ, आवाज मऊ, आणि तिच्याशी बोलताना मात्र तो आवाज चढायचा, जणू विसरणं म्हणजे ऐकू न येणं. मुलगी खिडकीपाशी उभी, हाताची नखं दुसऱ्या हाताने झाकून. लहानपणापासून तिला भीती वाटली की ती नखं खाते आणि ते लपवते.

"आजी! आज वार कुठला?"

बायको गोड हसली. माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "शनिवार?" ती म्हणाली. बुधवार होता.

"असू दे, असू दे. आणि या कोण?"

"ही माझी मुलगी."

"वा! नाव काय हो यांचं?"

ती थांबली. किती वेळ थांबली कुणास ठाऊक, मला त्या वेळात दोराच्या दोन-तीन तारा सुटलेल्या कळल्या. मग ती म्हणाली, "तिलाच विचारा की. तिला येतं."

बाई हसल्या, पण ते हसू मुलगी आणि त्या यांच्यामध्येच जाऊन थांबलं. मुलीने मान खाली घातली. मला ते हसू ओळखीचं होतं: लिफ्ट भंगारात काढायचं ठरलं की मालक शेवटच्या वेळी दार उघडझाक करून बघतात आणि म्हणतात, चांगली चालली हो. बाईंनी आणखी काही विचारलं, मागच्या आठवड्यात कोण आलं होतं, दुपारी काय खाल्लं. ती प्रत्येक प्रश्नाकडे असं बघत होती, जसं माणूस परक्याने समोर धरलेल्या मुलाकडे बघतो, घ्यावं की नको. मग ती खिडकीबाहेर बघायला लागली. आणि बाईंनी गुडघ्यांवर हात ठेवले. ज्याला उठायचं असतं तो असे हात ठेवतो.

"बसा," मी म्हटलं. "चहा व्हायचाय."

"नको आजोबा, खरंच."

"बसा हो. तुम्ही चुकीच्या वेळी आलात. तेलाचा असर संध्याकाळकडे होतो. हसू नका, पुरावा आहे माझ्याकडे. सगळी इमारत पुरावा आहे."

"बाबा," मुलगी म्हणाली. नुसतं बाबा. त्यात सगळं होतं.

मी थांबलो नाही. काय म्हणून थांबायचं? मला आमच्या बाजूने बोलायला दुसरा साक्षीदार नव्हता. "हिला खाली फिरायला नेताना लिफ्टमध्येही वास मिळावा म्हणून मी काय केलं? आमच्या लिफ्टच्या पंख्यात रोझमेरीचा बोळा बसवला. मी याच धंद्यातला माणूस, जाळीचे चार स्क्रू काढले, बोळा पात्याच्या मागे, जाळी परत. बटण दाबलं की पंखा सुरू, पंखा सुरू की वास. दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्रेवाल्यांना त्यांच्या पहिल्या कुत्र्याचं नाव आठवलं. त्या नावाने हाक मारायला लागले तर आत्ताचा कुत्रा ओ देईना, दोघंही रुसून बसले." बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. मला तेवढी फट पुरते. "चौथ्या मजल्यावर दोघं सख्खे भाऊ समोरासमोरच्या घरात राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत. का, ते दोघंही विसरले होते. लिफ्टमध्ये त्यांना ते आठवलं. एका छत्रीवरून! गळ्यात गळे घालून रडले. खाली येईपर्यंत दुसरं कारण आठवलं, तेव्हा परत अबोला. आणि वॉचमन! वॉचमन दुपारचा सावलीला म्हणून लिफ्टमध्ये जरा उभा राहिला आणि त्याला एकदम आठवलं, की आपल्याला नेमलंय ते शेजारच्या इमारतीवर. टोपी घेतली आणि गेला. आज आमच्याकडे वॉचमन नाही, तुम्ही आलात तेव्हा अडवलं का कुणी?"

बाई आता उघड हसत होत्या, हात गुडघ्यांवरून सुटले होते. त्यांना माझी थाप कळत होती, थाप कळायला काही विशेष लागत नाही. पण त्यांनी ती पकडली नाही, नुसती ऐकून घेतली, म्हाताऱ्यांची ऐकून घेतात तशी. मी त्यांच्यासाठी बोलतही नव्हतो. मी बोलत होतो तो खिडकीकडे वळलेल्या त्या मानेशी, कानामागच्या त्या पांढऱ्या बटेशी. माझा आवाज चढला होता. मी त्या पंख्याला रंग दिला, पितळी जाळी दिली, तीन पाती दिली, एका पात्याला जरासा पोचा दिला म्हणून फिरताना तो टकटक करतो असं सांगितलं. तो पंखा मला समोर दिसायला लागला. "आणि काल तर कमाल झाली," मी म्हटलं, "कुणीतरी तो पंखा फुल स्पीडवर ठेवला, आणि पाचव्या मजल्यावरच्या बाई वरून खाली येईपर्यंत..."

"काहीतरीच काय!"

मान वळली होती. ती माझ्याकडे बघतच नव्हती, निवासाच्या त्या बाईंकडे बघत होती, आणि बाईंची तिला मनापासून कीव आली होती.

"यांचं काय ऐकत बसलात तुम्ही? आमच्या लिफ्टला पंखाच नाहीये."